आडपडद्याचा शब्द

देहाच्या गरजेला सभ्य नांव देणें हा शिष्टाचार कीं असत्य? फ्रेंच भाषेंतील एका साध्या पृच्छेवरून या प्रश्नाचा विचार करतां येईल. पॅरिसमध्यें शौचकूप कोठें आहे हें विचारतांना 'ऊ सों ले त्वालेत' असें म्हणतात. 'त्वालेत' म्हणजे मुळांत कापडाचा लहानसा तुकडा. तो शृंगाराच्या मेजावर अंथरीत. त्यावरून तें नांव मेजाला, पुढें वेषभूषेला, आणि अखेरीस या जागेला लागलें. जागा एकच असली तरी फ्रान्समध्यें शब्द अनेकवचनीच योजतात. शेजारच्या बेल्जममध्यें एकवचन चालतें. याहून अधिक सोवळेपणानें कोणी 'स्नानगृह' या अर्थाचा शब्द वापरला, तर फ्रेंच यजमानीण त्याला खरोखरच न्हाणीघर दाखवील. कारण तेथील पुष्कळ घरांत शौचकूप वेगळा असतो. क्वेबेकमध्यें मात्र तोच शब्द बिनदिक्कत चालतो. आणि घाई कितीहि असो, प्रश्नाआधीं 'बाँझूर' हवेंच!

हें सारें ढोंग आहे, असें एखादा परखड वाचक म्हणेल. पण आपल्याकडे तरी काय आहे? 'शौच' म्हणजे शुद्धता; 'परसाकडे जाणें' यांत तर नुसती दिशा. ऐकणाऱ्याला खरा अर्थ ठाऊक असतो, म्हणजे येथें कोणाचीच फसवणूक होत नाहीं. मग असत्य तें कोठलें? परक्या माणसापाशीं गरज सांगतांना मान खालीं जाऊं नये, एवढेंच हा आडपडदा साधतो.

माझा आक्षेप निराळा आहे. शब्दावर घातलेला पडदा गरजेवरहि पडतो. सेन प्रांताचा प्रीफेक्ट रांब्यूतो (१८३३ ते १८४८) याच्या कारकीर्दींत पॅरिसच्या रस्त्यांवर मुताऱ्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना त्याचेंच नांव देऊं लागले. पुढें मूत्रावर कर बसविणाऱ्या व्हेस्पाझिअन या रोमन बादशहावरून 'व्हेस्पाझिएन' हें नांव रूढ झालें. नांवाची एवढी चिकित्सा झाली, पण त्या मुताऱ्या केवळ पुरुषांसाठींच होत्या! स्त्रियांसाठीं पुढें जीं शौचगृहें आलीं तेथें पैसे मोजावे लागत. जिची गरज उच्चारणेंच अशिष्ट, तिची सोय कोणाला सुचणार? विचारावयास तिच्यापाशीं नाजूक शब्द होता. उत्तरादाखल बोट दाखवावें अशी फुकट जागा नव्हती. १९८० नंतर रस्त्यांवर आलेलीं स्वयंचलित शौचगृहें स्त्रीपुरुष दोघांसाठीं होतीं, परंतु तेथेंहि नाणें टाकावें लागे. पॅरिसनें तीं निःशुल्क केलीं तीं २००६ सालीं.