बालद्रव्य आणि देवद्रव्य



आपल्या मंदिरातील दानपेटी उघडण्याची एक ठरलेली रीत आहे. ती कोणी एकट्याने उघडीत नाही. कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि भाविकांपैकी एक गृहस्थ असे तिघे समोरासमोर बसतात, नाणी व नोटा मोजतात, रक्कम वहीत मांडतात आणि खाली तिघांच्या सह्या होतात. यात आपला अपमान झाला असे आजवर एकाही कोषाध्यक्षास वाटलेले नाही. द्रव्य देवाचे आहे, आणि देव हिशेब मागावयास येत नाही. म्हणूनच तो अधिक काटेकोरपणे ठेवावयाचा, ही या रीतीमागील भावना होय.

ज्यास हिशेब मागता येत नाही असा आणखी एक धनी आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो. तो म्हणजे घरातील मूल. त्याच्या बारशास आलेले आहेर, आजोबांनी त्याच्या नावे ठेवलेली ठेव, दुर्दैवाने पित्याचे छत्र हरपले तर त्यामागे आलेली विम्याची रक्कम, हे सारे त्याचे असते. पण ते कोठे आहे, किती आहे, हे त्यास ठाऊक नसते. या बालद्रव्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाच्या प्रारंभी जनपद कसे वसवावे याचे विवेचन आहे. तेथे ग्रामवृद्धांचे एक कर्तव्य सांगितले आहे: बालकाचे द्रव्य तो व्यवहारास योग्य होईपर्यंत त्यांनी वाढवावे, आणि देवाचे द्रव्यही तसेच वाढवावे. बालद्रव्य आणि देवद्रव्य यांचा उल्लेख आचार्यांनी एकाच ठिकाणी केला, हे मोठे अर्थपूर्ण आहे. दोन्ही धनी मुके. दोघांच्या वतीने दुसऱ्यानेच बोलावयाचे. आणि त्यांनी नुसते ‘राखावे’ असे न म्हणता ‘वाढवावे’ असे म्हटले, हेही ध्यानात घ्यावे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर बालकाच्या वारशाचे रक्षण, तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत अथवा बाल्य सरेपर्यंत, राजाने करावे असे सांगितले आहे. ज्या समाजात एकत्र कुटुंब हा जीवनाचा पाया होता, त्या समाजानेही मुलाचे धन केवळ आप्तांच्या भरवशावर सोडले नाही. आप्त वाईट असतात असे त्यांना वाटत होते म्हणून नव्हे. मोह आप्तांनाही होतो हे त्यांना ठाऊक होते म्हणून.

महाभारताचे मूळ तरी दुसरे काय आहे? पांडूच्या मागे त्याची मुले लहान, आणि सत्ता चुलत्याच्या हाती. धृतराष्ट्राने ते राज्य रात्रीच्या अंधारात चोरले नाही. ते त्याच्या हाती आले, हाती राहिले, आणि राहता राहता ‘पुतण्यांचे’ म्हणून जे होते ते ‘आपल्या मुलाचे’ असे त्यास वाटू लागले. घरातील अपहार बहुधा असाच घडतो. त्यात कुलूप फुटत नाही. मनातील ‘त्याचे’ हा शब्द हळूहळू पुसट होतो, एवढेच. आणि भीष्मद्रोणांसारखे वडीलधारे भर सभेत खाली मान घालून बसले, याचे प्रायश्चित्त साऱ्या कुळास भोगावे लागले.

हे आम्ही दुसऱ्यांस सांगत आहोत, परंतु प्रथम आमची स्वतःची मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी आपल्याच परिचयातील एका घरी कर्ता पुरुष अकाली गेला. मागे पत्नी, एक मुलगी व एक मुलगा. आलेली रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून बँकेत ठेवण्यात आली. खाते मुलांची आई व थोरले काका यांच्या नावे, दोघांच्या सहीने चालणारे. व्यवस्था दिसावयास उत्तम होती. पण बँकेच्या कागदावर मुले कोठेच नव्हती. शिवाय वारंवार यावे लागू नये म्हणून त्या माउलीने पैसे काढण्याच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर आगाऊ सह्या करून ठेवल्या होत्या. दोन सह्यांचे कुलूप होते खरे, परंतु दोन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या.

मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा खात्यात शुल्कापुरतीही शिल्लक निघाली नाही. आई आमच्याकडे आली. आम्ही तिला काय सांगितले? “थोरल्या दिरांवर संशय घेऊ नका. घरची गोष्ट घरात राहू द्या. देव सारे पाहतो आहे.” हा उपदेश आम्ही सात्त्विक समजत होतो. त्या उपदेशात सहा महिने गेले, प्रवेशाची मुदत टळली, आणि दोन्ही घरे मंदिरात येऊन वेगवेगळ्या खांबांशी बसू लागली. अखेरीस ती मुलगीच आमच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, कोणाला शिक्षा व्हावी असे मी म्हणत नाही. आमचे पैसे कोठे गेले एवढेच मला सांगा.” त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. देव सारे पाहतो हे खरे. पण पासबुक पाहण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.

मग दोन्ही बाजूंना बसवून खात्याचा उतारा ओळीने वाचला. पहिल्या दोन बैठकींत आवाज चढले, तिसरीत उतरले. सत्य कोणा एकाच्या बाजूस निघाले नाही. एक मोठी रक्कम आजीच्या शस्त्रक्रियेस गेली होती, आणि आईला ते ठाऊक होते; संतापात ती ते विसरली होती, आणि तिने तसे कबूलही केले. काही रक्कम घराच्या छपरास लागली होती; ते छप्पर साऱ्यांचेच, खर्च मात्र पोरक्या मुलांचा. उरलेल्या रकमेचा काकांना खुलासा देता आला नाही. ती परत करण्याचे त्यांनी लिहून दिले आणि मासिक हप्त्यांनी ते ती फेडीत आले आहेत. मने पूर्वीसारखी जुळली असे आम्ही म्हणणार नाही. मुलीचे ते वर्ष तर कोणालाच परत देता येणार नाही. त्या वर्षाच्या ऋणात आम्हीही आहोत.

या प्रसंगातून जे आम्हांस उमगले ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. ज्या घरात हिशेब मोकळेपणी दाखविला जातो तेथे संशयास बसावयास जागाच मिळत नाही. मुलाच्या पैशांची एक निराळी वही असावी, प्रत्येक खर्चापुढे कारण लिहावे, पावती जोडावी आणि दर वर्षी, पाडव्यास म्हणा, ती घरातल्यांसमोर वाचावी. कोऱ्या कागदावर सही करू नये; कितीही जवळचे माणूस मागत असले तरी करू नये. अशी सही म्हणजे विश्वास नव्हे, आपल्या कर्तव्याचा कंटाळा होय.

दुसरी गोष्ट, मुलाचा पैसा मुलाच्याच नावे असावा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याप्रमाणे अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक माता-पिताच होत. काका, मामा, आजोबा कितीही जिव्हाळ्याचे असले तरी नव्हेत. आईचा अधिकार दुय्यम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पालकाने जे करावयाचे ते मुलाच्या हिताचे असले पाहिजे, आणि त्याची स्थावर मिळकत विकावयाची तर आधी न्यायालयाची परवानगी हवी. सुकन्या समृद्धी योजनेत आजी-आजोबांनी नातीच्या नावे उघडलेली खाती नैसर्गिक अथवा कायदेशीर पालकाकडे वर्ग करावीत, असा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. आता तर दहा वर्षांवरील मुलांस बँकेने ठरविलेल्या मर्यादेत स्वतः खाते चालविता येते, आणि अठरा वर्षे पूर्ण होताच नव्या सहीनिशी खाते त्यांच्या हाती जावयाचे असते. तो दिवस घरात मुंजीसारखा साजरा व्हावा असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट संशय घेणाऱ्यास. संशय खोटाही असतो, अर्धा खराही असतो. म्हणून तो आधी शेजारणीच्या कानी न घालता ज्याच्यावर आहे त्यालाच, दोन जाणत्या माणसांसमक्ष, शांतपणे विचारावा. कागद पाहावे, मग बोलावे. परंतु कागद दाखविण्यासच नकार मिळाला, किंवा अपहार उघड झाला आणि भरपाईची तयारी नसली, तर वकिलाकडे वा न्यायालयात जाण्यात अधर्म नाही. विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार हा भारतीय न्याय संहितेप्रमाणेही अपराधच आहे. घराची अब्रू चोरी उघड झाल्याने जात नाही. ती चोरी झाली तेव्हाच गेलेली असते.

यावर कोणी म्हणेल, “क्षमा हा मोठा गुण नव्हे काय?” निःसंशय. पण तुकोबांची कथा आठवा. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. मात्र त्याआधी धाकट्या बंधूंचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि केवळ स्वतःचाच वाटा पाण्यात सोडला. विरक्तीच्या त्या उंचीवरही त्यांनी दुसऱ्याच्या हिश्शावर उदारपणा केला नाही. मग मुलाच्या हिश्शाची क्षमा आपण कोण करणार? ती करावयाची की नाही, हे मूल सज्ञान झाल्यावर तेच ठरवील.

आपण वडोदऱ्याचे रहिवासी. या संस्थानानेच आपणास एक थोर उदाहरण दिले आहे. १८७५ साली बारा वर्षांचे सयाजीराव दत्तक येऊन गादीवर बसले. राज्य अडचणीत होते, धनी बालवयाचा होता. दिवाण टी. माधवराव यांनी त्यांच्या अज्ञानपणी कारभार पाहिला, विस्कटलेली घडी बसविली, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी सर्व अधिकार महाराजांच्या हाती आले. ज्यांचे राज्य लहानपणी दुसऱ्याने सांभाळले, त्याच महाराजांच्या आश्रयाने पुढे १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली आणि सामान्यांच्या ठेवी सांभाळू लागली. सांभाळून परत दिलेले द्रव्य असे फळते.

कायदा लहान मुलास ‘अज्ञान’ म्हणतो. वेदान्तात त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे: जे आपले नाही त्यास आपले मानणे, ते अज्ञान. या अर्थाने पाहू गेल्यास मुलाच्या ठेवीवर हात टाकणारा पालकच खरा अज्ञान ठरतो, त्याचे वय काहीही असो.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने कपाट उघडावे, मुलांच्या नावची पासबुके बाहेर काढावी आणि ती मुलांना दाखवावी. ज्यांना दाखविताना संकोच वाटेल त्यांनी आधी देवापुढे बसावे आणि मग मुलांपुढे. दोन्हीकडे एकच धनी बसलेला आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥