उतार ओळखू दे

हे परमेश्वरा, उतारावर साचायचं आणि भार पेलेनासा झाला की सुटायचं, हा बर्फाला तूच दिलेला धर्म. तो बदल, असं मागणं नाही. आम्हाला तो वेळेत ओळखता यावा, एवढं मागते.

आम्ही सह्याद्रीत वाढलेली माणसं. काल हाताला लागलेली कातळातली खोबण आजही तिथेच सापडते. हिमालयातला उतार मात्र एका रात्रीत परका होतो. वारा धारेच्या एका अंगाचं हिम उचलून दुसऱ्या अंगाला रचतो. वरून घट्ट दिसणाऱ्या त्या थराखाली कधी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण दडलेले असतात. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या अशा उतारावर एका माणसाचं पाऊलही पुरतं. देवा, बुटाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला तर तो आम्हाला ऐकू येऊ दे. पावलापासून पळत गेलेली भेग दिसू दे. शेजारच्या उतारावरून हिमलोट नुकताच उतरलेला असताना आपला उतार वेगळा आहे, असं समजण्याची दुर्बुद्धी देऊ नकोस.

४ ऑक्टोबर २०२२, खंडेनवमी. इकडे घरोघरी अवजारांची पूजा होत होती, आणि गढवालात द्रौपदी का डांडा-२ शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमलोटात सापडले. २७ जणांचे देह हाती आले. शिकायला गेलेली पोरं होती रे ती! त्याच संस्थेत आमच्याकडचीही कितीतरी मुलं बर्फावर चालायला शिकतात. गेलेल्यांना तुझ्यापाशी ठेव. त्यांच्या आईवडिलांना बळ दे.

गाडला गेलेला जीव पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने सरते. तेवढ्या वेळात खालून कुणी पोचत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याचा ठाव सांगणारं बीकन आणि पाठीवर बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं असू दे; आणि ते चालवायचा सराव आधीच झालेला असू दे. रजा संपत आली, पैसे भरलेत, शिखर समोर दिसतंय, अशा वेळी गटातलं सगळ्यांत लहान पोर ‘मागे फिरू या’ म्हणालं, तर म्होरक्याला ते ऐकायचं मन दे.

आणि देवा, ज्यांना मागे फिरायची मुभाच नसते, त्यांच्यासाठी माझं मागणं सगळ्यांत मोठं आहे. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या वर, माणा गावाजवळ, रस्त्याच्या कामावरचे मजूर कंटेनरमध्ये होते. हिमलोट त्यांच्यावर आला. जवानांनी बर्फ उपसून ४६ जणांना वाचवलं. आठ जण गेले. ते काही शिखर गाठायला आले नव्हते, पोटासाठी आले होते. मजुरांची वस्ती कुठे टाकायची हे जो ठरवतो, त्याला कागदावर सही करण्याआधी तिथे उभं कर, आणि वरचा उतार नीट बघायला लाव. हिमलोटाचा इशारा आला की त्याच दिवशी माणसं खाली आणायची सुबुद्धी त्याला दे, आणि खाली आलेल्या मजुराचा रोज बुडू देऊ नकोस.