आतलं ठिगळ

भीमाकाठच्या आमच्या रानात कडू भोपळे असायचे. खायचे नव्हेत, म्हैससुद्धा तोंड लावायची नाही. ते जायचे मिरजेला, सतारी-तंबोऱ्यांसाठी. मोठ्या घेराचा तंबोऱ्याला, त्याहून लहान सतारीला. वेलावरच वाळू द्यायचे, बूड कुजू नये म्हणून खाली पाचट घालायचं. माझं काम एवढंच, की त्या वाफ्यात शेरडू शिरू द्यायचं नाही.

मिरजेहून एक कारागीर यायचे, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. टिचकी मारून, कान लावून ते भोपळा निवडायचे. एका साली पावसानं ओढ दिली. हाताशी लागले ते मोजके भोपळे, आणि त्यातल्या सगळ्यात देखण्याच्या बुडाला किडीनं भोक पाडलेलं. अण्णांनी रात्री मेणात माती कालवून ते बुजवलं, वरून राख चोळली. कंदील माझ्या हातात होता. "कुठं बोलायचं न्हाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी चाचांनी टिचकी मारली, जरा थांबले, आणि पैसे मोजले. त्या पैशातनं दुकानाची उधारी फिटली.

पुढच्या साली चहा पिता पिता चाचा सहज म्हणाले, "अण्णा, तो भोपळा भिजत घातला आणि मेण सुटलं की हो."

अण्णांची मान खाली.

"आतून कापड लावलं सरसानं. सतार झाली, गेली पुण्याला. आवाज झकास!" पुन्हा त्याचा विषय नाही. भावही पहिलाच दिला.

चाचांच्या मोठेपणाची ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. पुढे मिरजेत त्यांच्या दुकानात बसून सतार होताना पाहिली, आणि मग ती तितक्या सहज सांगवेना. भोपळा भिजवून मऊ करतात, कापतात, आत काटक्यांचा ताण देऊन हवा तो आकार आणतात. त्यावर लाकडाचा गळा, दांडी, तबली. दांडीवर पितळी पडदे दोऱ्यानं बांधतात, म्हणून ते रागाप्रमाणे सरकवता येतात. तार तुटली तर नवी येते, पडद्याचा दोरा झिजला तर पुन्हा बांधतात, जवारी बसली तर घासून काढतात. वाजवणाऱ्याला हे सगळं डोळ्यांनी दिसतं. भोपळ्याचं पोट मात्र एकदा तबली बसली की बंद. आत काय आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक.

अण्णांनी चाचांना फसवलं, चाचांनी अण्णांना माफ केलं. पण पुण्याच्या त्या माणसानं सतारीची पूर्ण किंमत मोजली, त्याला कुणी विचारलं? ज्याचं नुकसान झालं त्यानं माफ करावं, हे खरं. इथं माफी एकानं दिली आणि ठिगळ गेलं दुसऱ्याच्या घरी. आवाज झकास होता, मग नुकसान कसलं, असंही मन म्हणतं. मला ते पुरतं पटत नाही. आणि चाचांनी तो भोपळा फेकला असता, अण्णांकडून पैसे परत मागितले असते, तर ते जास्त खरं झालं असतं का? त्या वर्षी आमच्याकडे परत द्यायला काही नव्हतं. हे चाचांना टिचकीतच कळलं होतं, असा माझा संशय आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. आता जुन्या सतारी हुडकत माणसं फिरतात, जुना भोपळा चांगला मुरलेला असतो म्हणतात. आमची कुठंतरी असेल त्यात.

त्या सालानंतर अण्णा किडक्या भोपळ्यावर कोळशानं फुली मारून तो वेगळा ठेवायचे. चाचा तोही घ्यायचे, निम्म्या भावानं. अण्णांनी जवळून सतार कधी ऐकली नाही. रेडिओवर लागली की मात्र हातातलं काम थांबवायचे आणि मला विचारायचे, "आपला तर नसंल रं ह्यो?"