आधी मोज, मग घास

हेड कोणाला विचारून लेथवर चढवलंस? आणि एक्झॉस्टच्या पोर्टला डाय ग्राइंडर लावलास, तो किती? दीड मिलिमीटर की दोन? मान खाली घालू नकोस, आकडा सांग. नाही सांगता येणार तुला, कारण घासण्याआधी पोर्टची उंची तू मोजलीच नव्हतीस. आयटीआयत तुझ्या हातात व्हर्नियर दिला होता तो काय कॅलिपरच्या रेघा बघून हसायला?

आता मला सांग, होडीचा मालक तुझ्याकडे आला तेव्हा त्याची तक्रार काय होती? शब्द न् शब्द आठव. 'पर्यटक भरले की होडी उठत नाही, नाक वर करून पाणी लोटत राहते.' एवढंच म्हणाला तो. इंजिन वरच्या फेऱ्यांना कमी पडतंय असं एका शब्दाने बोलला नाही. भरलेली होडी पाण्यावर उठवायला ताकद लागते ती खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत. आणि तू काय केलंस? एक्झॉस्ट पोर्ट वर चढवलास. टू-स्ट्रोकमध्ये तो पोर्ट वर नेला की पिस्टन खाली येताना लवकर उघडतो आणि वर जाताना उशिरा बंद होतो. म्हणजे खालच्या फेऱ्यांतली ताकद गेली आणि सगळा जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकला. पायात काटा रुतलेल्या माणसाच्या डोळ्यांत तू थेंब घातलेस.

बरं, त्या वरच्या फेऱ्या तरी तुला मिळणार होत्या का? यामाहाच्या चाळीस हॉर्सपॉवरच्या एन्ड्युरो आउटबोर्डला कंपनीने पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ४५०० ते ५५०० फेऱ्यांची हद्द आखून दिली आहे. तुझा पोर्ट जिथे बोलायला लागणार ती जागा त्याही वर. पंखा मात्र तोच जुना ठेवलास. त्या पंख्याने भरल्या होडीत इंजिन तिथपर्यंत जाणारच नव्हतं. ज्या फेऱ्यांपर्यंत इंजिन कधी पोचत नाही तिथे ताकद ठेवून आलास, शाबास!

हे कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. आरएक्स १००. वाडीतल्या प्रत्येक पोराने एकदा तरी तिचे पोर्ट घासलेले असतात, आवाज फाटला की गाडी पळायला लागली असं म्हणायचं. अरे, ती ९८ सीसीची मोटारसायकल. तिला सिग्नल आहे, उतार आहे, गिअर बदलताना क्षणभर श्वास आहे. होडीला उतार नसतो, झिला. मालवणची जेटी सोडल्यापासून किल्ल्यापर्यंत किंवा देवबागच्या मुखापर्यंत थ्रॉटल उघडा तो उघडाच, आणि गिअर पुढचा एकच. मोटारसायकलवर चार सेकंद चाललेला हावरटपणा इथे सलग अर्धा तास चालतो. शिवाय मोटारसायकलला लांबलचक एक्स्पान्शन पाइप बाहेर काढलेला असतो. आउटबोर्डचा धूर खांबाच्या पोकळीतून खाली जाऊन पंख्याच्या बोंडातून पाण्यात सुटतो. पोर्टचं आणि त्या वाटेचं गणित कंपनीने एकत्र बसवलेलं असतं. तू अर्धं गणित खोडलंस आणि अर्धं तसंच ठेवलंस.

'पण सर, लोक नऊ-पॉइंट-नऊचं पंधरा करतातच की!' हे तू म्हणणार, माहीत होतं मला. करतात. कारण यामाहाचं ते जुनं ९.९ आणि १५ हॉर्सपॉवर, दोन्ही २४६ सीसीच. आतून एकच ब्लॉक. कार्ब्युरेटर आणि थोडं इकडचं-तिकडचं आवळून कंपनीने लहान भाऊ तयार केला. तिथे तू कंपनीने बांधलेली गाठ सोडतोस. तुझ्या चाळीसमध्ये तशी गाठ नाही. ८० मिलिमीटर बोअर, ७० मिलिमीटर स्ट्रोक, दोन सिलिंडर, ७०३ सीसी. याच कंपनीने ६९८ सीसीत ५० हॉर्सपॉवर काढून दाखवली, पण तीन लहान सिलिंडर करून. ७०३ सीसीतून फक्त चाळीस घेतले आहेत ते कंपनीला जमलं नाही म्हणून नव्हे. मासेमारीवर रोज राबणारं इंजिन वर्षानुवर्षं टिकावं म्हणून ते मुद्दाम सौम्य ठेवलं आहे. त्या सौम्यपणावरच किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची चूल पेटते.

आता हेड. किती काढलंस? एक मिलिमीटर? 'साधारण' म्हणू नकोस माझ्यासमोर. ८० च्या बोअरवर एक मिलिमीटर म्हणजे पाच सीसी. चेंबर मुळात किती सीसीचा होता? ब्युरेट आणि पातळ तेल घेऊन मोजलास? पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट किती राहिली? प्लगच्या भोकातून मऊ शिशाची सोल्डर तार घालून क्रँक फिरवायचा, चेपलेली तार मायक्रोमीटरवर धरायची. पाच मिनिटांचं काम. ते केलं नाहीस, वर इग्निशनही पुढे ढकललंस, आणि टायमिंग लाइट कपाटात धूळ खात पडलेला.

इकडे ये, हे प्लग बघ. वरच्या सिलिंडरच्या प्लगची चिनीमाती भिंगाखाली धर. राखाडी चकचकीत ठिपके दिसतात? ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, वितळून उडालेलं. खालच्या सिलिंडरचा प्लग मात्र छान तपकिरी. तू मालकाला सांगून मोकळा झालास की तेल भेसळीचं होतं. अरे शहाण्या, एकाच टाकीतलं एकच तेल वरच्या सिलिंडरला भेसळीचं आणि खालच्याला अस्सल कसं मिळेल? विचार कर. एकच सिलिंडर जळतो तेव्हा त्या सिलिंडरचं असं वेगळं काय बिघडलं, हे शोधायचं असतं. क्रँकचं वरचं सील दाब नखाने. पापडासारखं कडक झालंय. तिथून हवा आत ओढली जात होती, वरच्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होत होतं, पातळ मिश्रण तापत होतं. जुन्या इंजिनाने ते कसंबसं सोसलं असतं. त्यावर तू कॉम्प्रेशन चढवलंस, स्पार्क पुढे नेलास. पिस्टनने जीव टाकला नसता तर नवल. क्रँककेसची तोंडं बंद करून थोडी हवा भरली असतीस आणि साबणाचं पाणी फिरवलं असतंस, तर बुडबुड्यांनी तुला हे आधीच सांगितलं असतं.

पेट्रोलकडेही बघितलं नाहीस. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्याने मिश्रण आणखी पातळ पडतं. जुन्या जेटांवर तू तेच चालवलंस. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी कुठून ओढते? तळातून. म्हणजे इंजिनाला मिळतं ते बिनतेलाचं. म्हणून टाकी पारदर्शक बाटलीत ओतून बघायची, जुन्या रबरी नळ्या बदलायच्या, पेट्रोल आठवडेच्या आठवडे साठवायचं नाही. तेलाचंही तेच. पन्नासाला एक म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर, मापाने, बाटलीच्या बुचाने नव्हे. आणि टीसी-डब्ल्यू-थ्रीचं, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं. मोटारसायकलचं स्वस्त पडतं म्हणून ओतायचं नाही.

जोर हवाच होता ना? तर आधी असलेला जोर किती शिल्लक आहे हे बघायचं होतंस. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, कॉम्प्रेशन गेज लावायचा; दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की ट्यूनिंगचा विषय तिथेच संपला. रीडच्या पात्यांना कोपऱ्यावर टवका आहे का, ती पूर्ण टेकतात का, डायल गेजवर क्रँक किती हलतो. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून बसलीत का. 'पाण्याची धार येते सर' हे ऐकून मला वीट आला आहे. धार येते म्हणजे पंप चालतो, एवढंच. ब्लॉकच्या जॅकेटमध्ये मीठ दगडासारखं बसलं असेल तरी धार येतेच. कव्हर काढून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि कव्हरचे बोल्ट खाऱ्या पाण्याने धरलेले असतात म्हणून तुम्ही कोणी ते काढत नाही. गरम करा, धीर धरा, निघतात.

वर्षानुवर्षं वापरलेल्या चाळीसातले किती घोडे जागे असतील कोण जाणे. एवढं सगळं नीट केलं असतंस तर झोपलेले परत आले असते, ब्लॉकला हातही न लावता. आणि समजा तुझी घासाघाशी सफल झाली असती, चाळीसाचे पन्नास झाले असते. पाण्यावर उठलेल्या होडीचा वेग साधारण ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो. सव्वापट ताकदीला वेग जेमतेम बारा टक्के. तासाला तीसच्या जागी साडेतेहतीस किलोमीटर. त्यासाठी ब्लॉकचा बळी.

आणि खरा उपाय पंख्यात होता! टॅकोमीटर लावला होतास? नाही. आताच्या पंख्याचा पिच तेरा इंच. पाच हजार फेऱ्यांना गिअर निम्म्याने कमी करतो, अडीच हजार. तेरा इंच म्हणजे एका फेरीला तेहतीस सेंटिमीटर. हिशेबाने तासाला जवळपास पन्नास किलोमीटर. पर्यटकांनी भरलेली ती रुंद होडी पन्नासने जाईल असं कोणत्या देवाने सांगितलं तुला? भरल्या होडीत इंजिन ४२०० लाच अडकत असणार, कंपनीच्या हद्दीच्या खाली, धापा टाकत. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेऱ्या चढतात. अकरा इंचांचा पंखा लावला असतास तर इंजिन आपल्या हद्दीत आलं असतं आणि होडी उठली असती. एक नट, एक कॉटर पिन. दुपारचं जेवण व्हायच्या आत काम संपलं असतं.

एक आणखी. जुना कार्ब्युरेटरचा टू-स्ट्रोक चांगला असला तरी पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर टाकतो. पाव हिश्श्यापर्यंत जातो तो. म्हणूनच अमेरिकेने १९९०च्या दशकात नियम आवळले आणि ही इंजिनं तिथल्या बाजारातून हद्दपार होत गेली. पोर्ट चढवून तू ती गळती वाढवलीस, आणि ती जाते मालवणच्या प्रवाळावर. १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे, तुझा नाला नव्हे.

पिस्टन वितळला तेव्हा होडीत माणसं होती. वारा पडलेला होता म्हणून शेजारच्या होडीने दोर टाकून ओढून आणलं. दक्षिणेचा वारा असता आणि खाली खडक असता तर? उत्तर देऊ नकोस, रात्री झोपताना दे स्वतःला.

आता ऐक. दुसरा ब्लॉक आला की पोर्टच्या प्रत्येक कडेची धार तू स्वतः हाताने मोडायची, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटेल. रिंगेची तोंडं पिनवर बसलीत का ते मला दाखवल्याशिवाय सिलिंडर चढवायचा नाही. तासलेलं हेड आणि घासलेला पोर्ट आता परत येत नाहीत, म्हणून हेडसकट नवा ब्लॉक किंवा चांगला जुना बघावा लागेल. त्याचा खर्च तुझ्या मजुरीतून. मालकाला आज दुपारी फोन कर, तेल भेसळीचं नव्हतं हे त्याला तुझ्याच तोंडाने सांग, आणि अकरा इंचांचा पंखा कुठे मिळतो ते विचारून ठेव. व्हर्नियर पुसून बाकावर ठेवलाय. चल, आधी जुन्या पोर्टची उंची लिहून काढ.