कुपी कोणाची?



रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना दोन गोष्टी नेहमी समजावून सांगाव्या लागतात. ‘पारा’ म्हणजे आपली आळी किंवा पेठ, ही पहिली. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत, आम्ही कालपरवा आलेलो नाही, ही दुसरी. ख्रिस्ती कुटुंब असेल तर आणखी एक गोष्ट सांगावी लागते : आमची रविवारची उपासना हिंदीत होते आणि घरातील प्रार्थना मराठीत. पुढे ज्या घराविषयी लिहीत आहे ते अशांपैकीच एक आहे. ते माझेच आहे हे लपवण्यात अर्थ नाही, कारण त्यात जे चुकले तेही माझेच चुकले.

प्रश्न वरवर पाहता साधा होता. घरात साठलेले पैसे परदेशप्रवासावर खर्च करावेत, की मुलांच्या शिक्षणासाठी द्यावेत? तुमच्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य वाचून संपण्यापूर्वीच उत्तर दिले असेल. मीही असेच दिले होते. सारे आयुष्य शाळेत शिकवण्यात गेले. शिक्षणाची बाजू मांडायला मला कोणी शिकवावे लागत नाही.

माझी पत्नी घरी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. त्या मिळकतीतून दरमहा एक हजार रुपये ती पोस्टातल्या आर.डी.त टाकत असे. पाच वर्षांची मुदत पुरी झाल्यावर ती रक्कम तिने तेथेच ठेवीत गुंतवली आणि दुसरे खाते उघडले. २०२२ साली तेही पुरे झाले, तेव्हा सारे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास झाले. पवित्र भूमीच्या यात्रेचा एका माणसाचा खर्च त्यात निघत होता, दोघांचा निघत नव्हता. बेथलेहेम पाहावे आणि गालील समुद्राच्या काठी थोडा वेळ बसावे, एवढेच ती म्हणे. तो समुद्र नव्हे, गोड्या पाण्याचे सरोवर आहे, असे मी तिला शिक्षकी सवयीने एकदा सांगितलेही होते. तिने समुद्र कोणताच पाहिलेला नाही.

त्याच वर्षी नातीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. चार वर्षांचा अभ्यासक्रम, खाजगी महाविद्यालय, शिवाय वसतिगृह. पैसे भरण्याची तारीख जवळ आली तेव्हा मुलगा एका संध्याकाळी घरी आला. आईशी तो या विषयावर बोलला नाही, माझ्याशी बोलला. मग मी तिच्याशी बोललो.

त्या संध्याकाळी मी जे सांगितले ते सारे खरे होते, ही यातील अवघड गोष्ट आहे. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही लूककृत शुभवर्तमानातील शिकवण मी तिला आठवून दिली. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलताना प्रभूने उपासनेला या डोंगरातूनही सोडवले आणि जेरुसलेमेतूनही सोडवले, हेही सांगितले. दूर जाऊनच देव भेटतो असे नाही, याला तर आमच्या मुलखातलाच दाखला होता. नारायण वामन टिळकांना बायबल मिळाले ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत, सोबतच्या एका मिशनऱ्याकडून. आणि राजनांदगाव रायपूरपासून जेमतेम सत्तर किलोमीटर. एवढ्यावर न थांबता मी चौथ्या शतकापर्यंत गेलो. निस्साचा बिशप ग्रेगरी लिहून गेला आहे की, जागा बदलल्याने कोणी देवाच्या अधिक जवळ जात नाही. स्वर्गाचे दार जेरुसलेमेहून जितके जवळ तितकेच ब्रिटनहूनही, असे संत जेरोमने एका मित्राला कळवले होते. आपल्या मुसलमान बांधवांना हजयात्रा कर्तव्य म्हणून सांगितलेली आहे, पण तेथेही ती ऐपत असणाऱ्यालाच आणि मागे राहणाऱ्यांची सोय केल्यावरच. आपल्यावर तर असे कर्तव्यही नाही.

तिने सारे ऐकून घेतले. ‘तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे,’ असे म्हणून ती उठली आणि कपाटातील पासबुके आणून माझ्यापुढे ठेवली.

एक गोष्ट मात्र मी त्या वेळी सांगितली नाही, खरे तर माझ्या ध्यानातच आली नाही. ग्रेगरी स्वतः जेरुसलेमला जाऊन आला होता. जेरोम तर बेथलेहेमातच राहत होता आणि तेथूनच ते पत्र लिहीत होता. जाण्याची गरज नाही असे सांगणारे दोघेही जाऊन आलेले होते.

पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचताना मला प्रथमच अस्वस्थ वाटले. आपल्या मंडळ्यांत हे चरित्र इतक्या वेळा सांगितले जाते की त्यातील पैशाचा भाग आपण ऐकतच नाही. तो जरा थांबून पाहू. १८८२ च्या फेब्रुवारीत पती वारले, पदरी दहा महिन्यांची मनोरमा. त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाची तजवीज झाली. १८८३ च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या बोटीत बसल्या. त्या वेळी आपण पुण्यात असतो तर त्यांना काय सल्ला दिला असता? मी तर नक्कीच म्हणालो असतो, बाई, हे पैसे मुलीसाठी ठेवा, किंवा याच पैशांत इथे चार मुलींना शिकवा. सातासमुद्रांपलीकडे जाऊन काय मिळणार?

आणि १८८४ च्या अखेरीस मीच खरा ठरलो असतो. कारण वैद्यकीचे शिक्षण घ्यावे हा त्यांचा हेतू होता आणि कानांनी दगा दिल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. बरोबर आलेली मैत्रीण तेथेच निवर्तली. बाप्तिस्म्यामुळे स्वदेशातील कितीतरी स्नेही दुरावले. जमाखर्चाच्या वहीत प्रवासाच्या बाजूला खर्चाखेरीज काय मांडता आले असते? शाळा कोठेच दिसत नव्हती. ती दिसू लागली पुढे अमेरिकेत, १८८६ नंतर. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तेथे बालोद्यान पद्धती शिकल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली आणि शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला. इतक्या साऱ्या गोष्टी त्या एका तिकिटातून निघाल्या.

पण वाचकहो, येथेच मला सावध व्हावेसे वाटते. प्रवासातून शाळा उभी राहिली म्हणून तो प्रवास योग्य होता, असा निष्कर्ष आपण काढतो. मग १८८४ साली तो अयोग्य होता काय? सहलीला निघालेला प्रत्येक जण परत येऊन शाळा काढणार नाही. माझी पत्नी तर मुळीच नाही. ती गालीलच्या काठी बसली असती, थोडी वाळू पिशवीत घालून आणली असती आणि पुन्हा फॉल लावू लागली असती. निष्पत्तीचा हा मापदंड लावला तर तिची यात्रा कधीच उत्तीर्ण होणार नाही.

रमाबाईंच्या बाबतीत मला आता दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पैसा त्यांचा होता आणि निर्णयही त्यांचा होता. वॉन्टेजच्या भगिनींकडे राहतानासुद्धा त्यांनी फुकटचा आश्रय घेतला नाही. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवण्याच्या मोबदल्यात त्या तेथे राहिल्या. आपल्या विवेकावर दुसऱ्याच्या पैशाचा अंमल चालू नये, याची ही बाई किती दक्षता घेत होती!

यानंतर मार्ककृत शुभवर्तमानाचे दोन उतारे माझ्यासमोर एकमेकांविरुद्ध उभे राहिले. एक सातव्या अध्यायातील कुर्बानाचा. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण झाले आहे असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना प्रभू तेथे कठोर शब्दांत दटावतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याचे देणे लागतो त्याला डावलून केलेली भक्ती ही भक्ती नव्हे. एखाद्या बापाने मुलाची फी थकवून जेरुसलेमचे तिकीट काढले तर तो याच वचनाखाली येईल, आणि तेथे मी अजूनही त्या संध्याकाळइतकाच ठाम आहे.

दुसरा उतारा चौदाव्या अध्यायातला, बेथानीचा. एका स्त्रीने अलाबास्त्र कुपी फोडून मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले. तेल तीनशे दीनारांहून अधिक किमतीचे, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची मजुरी. भोवतालच्या काहींनी लगेच हिशेब केला की, हे विकून गोरगरिबांना देता आले असते. हिशेब बिनचूक होता. कारणही उदात्त होते. तरी प्रभूने तिची बाजू घेतली आणि तिला त्रास देऊ नका असे त्यांना बजावले. या उताऱ्यावर मी मंडळीत दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळा मला एक साधी गोष्ट दिसली नव्हती. हिशेब करणाऱ्यांपैकी कोणीही आपली स्वतःची कुपी काढली नाही. गोरगरिबांची आठवण त्यांना झाली ती तिच्या तेलावरून.

आता राहिलेली गोष्ट सांगून टाकतो. २०२२ साली माझ्या निवृत्तीच्या पैशांपैकी एक ठेव बँकेत होती. घरावर आणखी एक खोली चढवावी म्हणून ती राखलेली होती. त्या संध्याकाळी तिचा उल्लेख झाला नाही. मुलाने केला नाही, मी केला नाही, आणि तिनेही केला नाही. शैक्षणिक कर्जाचीही आम्ही चौकशी केली नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागू नये म्हणून २०१५ पासून सरकारी हमीची योजना आहे, हे मला नंतर कळले. नातीच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी तिच्या बापाची, त्यानंतर माझी. त्या क्रमात आजीचा नंबर तिसरा होता, पण कुपी पहिली तिची फुटली. खोली ही गरज ठरली आणि बेथलेहेम ही हौस ठरली. असे कोणी ठरवले, हे मी आठवून पाहतो. कोणीच ठरवले नव्हते, ते आधीपासूनच ठरलेले होते.

पतिपत्नीत माझेतुझे कसले, असे कोणी म्हणेल. मलाही ते म्हणावेसे वाटले होते. पण सारे एकच असेल तर त्या संध्याकाळी टेबलावर दोनच पासबुके का आली? तिसरे कोठे होते?

२०२३ च्या ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटले. यात्रा रद्द झाल्या, त्या नाताळात बेथलेहेमच्या चौकातील सार्वजनिक उत्सवही झाला नाही. शेजारपाजारचे लोक म्हणू लागले, पाहा, पैसे शिक्षणात घातले ते किती बरे झाले. हे ऐकायला सुखद वाटते, पण मी यातून समाधान घेऊ शकत नाही. ती गेली असती तर २०२२ च्या नोव्हेंबरात गेली असती आणि सुखरूप परतली असती. आणि पुढे घडणाऱ्या युद्धामुळे आदल्या वर्षीचा माझा निर्णय न्याय्य कसा ठरेल? १८८९ च्या शाळेने १८८३ चे तिकीट योग्य ठरत नसेल, तर हेही ठरत नाही.

तिला खंत वाटते काय, असे मी एकदा विचारले. शिवणयंत्र न थांबवता ती म्हणाली, ‘पोरीचं शिक्षण झालं ना. पण तुम्ही मला विचारलं असतं तरी मी दिलेच असते.’ मी विचारले होते, असे मला इतके दिवस वाटत होते.

नात शेवटच्या वर्षाला आली. वरची खोली बांधून झालेली नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघे तात्यापारा चौकातून शारदा चौकाकडच्या त्या अरुंद रस्त्याने चालत पोस्टात गेलो आणि पाच वर्षांचे नवे आर.डी. खाते उघडले. हप्ता माझ्या निवृत्तिवेतनातून जातो. खाते तिच्या एकटीच्या नावावर आहे. त्या पैशांचे ती काय करणार आहे, हे मी विचारलेले नाही.