हिरवळीचा हट्ट आणि गवताचा हक्क

एप्रिल निम्मा सरला की मुंबईतल्या मरोळमध्ये गवताचे दोन रंग दिसतात. मरोशी रस्त्याने आरेच्या हद्दीत शिरलं की उतारावरचं गवत वाळून मातीच्या रंगाला आलेलं असतं. अलीकडे टॉवरांच्या कुंपणाआड लॉन मात्र श्रावणातल्यासारखं हिरवं, कारण तिथे माळी सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभा असतो. आरेतलं गवत ऋतूप्रमाणे वागतं, सोसायटीतलं माणसाच्या इच्छेप्रमाणे. यांपैकी कोणत्या गवताशी आपण नीट वागतो, हा प्रश्न वरवर बागकामाचा आहे. जरा खोल गेलं की तो धर्माचा होतो: एखाद्या जिवावर ताण आला तर आपण त्याचं काय देणं लागतो, आणि ते देताना कुणाच्या तोंडचं पाणी काढतो?

महाराष्ट्रात हा प्रश्न एकदा थेट न्यायालयात गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वेगाडी १२ एप्रिलला पहाटे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. त्याच दिवसांत मुंबई, पुणे आणि नागपूरची मैदानं आयपीएलसाठी भिजवायची होती, आणि तिन्ही ठिकाणी मिळून साठ लाख लिटर पाणी लागेल असा अंदाज सांगितला जात होता. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने जनहित याचिका केली. माणसं महत्त्वाची की सामने, असं उच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाला सुनावलं आणि १३ एप्रिलला आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावेत. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची तयारी दाखवली गेली होती. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून तसं पाणी वानखेडेला देण्याची बोलणी झाली होती. तरी आदेश टिकला. अंतिम सामना मुंबईऐवजी बेंगळुरूत झाला.

आदेश योग्यच होता. तहानलेल्या माणसासमोर मैदान भिजवू नये, हे कळायला धर्मशास्त्राची पोथी उघडावी लागत नाही. पण त्या सगळ्या वादात माणसांची बाजू मांडली गेली, खेळाची आणि पैशांचीही मांडली गेली. गवताला स्वतःला काय हवं असतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर वाद बराच सोपा झाला असता.

कारण आपल्या मैदानांवर आणि लॉनवर जे गवत सर्रास लावतात, ते आपल्या घरोघरी ओळखीचं आहे. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहतात ती दूर्वा, शेतकरी जिला वैतागून उपटतो ती हरळी आणि जगभरच्या मैदानांवरचं बर्म्युडा ग्रास ही एकच वनस्पती: सायनोडॉन डॅक्टिलॉन. देव्हाऱ्यात ती पूज्य, शेतात ती तण, क्रीडांगणावर ती मालमत्ता. तिन्ही ठिकाणी तिचा गुण एकच, चिवटपणा. खणून काढली तरी मातीत कांड्याचा तुकडा राहिला की ती परत फुटते. दूर्वा वाहताना म्हणतात त्या वैदिक मंत्रातही तिच्या याच, पेरापेरातून फुटण्याच्या शक्तीचं वर्णन आहे. मंत्रकर्त्याने गवत फार जवळून पाहिलं होतं.

पाणी तुटलं की हरळी काय करते, हे पाहण्यासारखं आहे. आधी पाती मिटतात, रंग निळसर राखाडी होतो आणि चालून गेलेल्या पावलाचा ठसा बराच वेळ तसाच राहतो. एरवी पाती लगेच उभी राहतात. तरीही पाणी मिळालं नाही तर ती पाती वाळू देते आणि जीव जमिनीखालच्या कांड्यांत राखते. वरून तपकिरी दिसणारं गवत त्या वेळी मेलेलं नसतं. कित्येक आठवडे ते तसं काढू शकतं, आणि मृगाचा पाऊस पडला की काही दिवसांत पोपटी कोंब बाहेर येतात. कोकणपट्टीच्या माळांवर हे दरवर्षी घडत आलं आहे. वाळणं ही हरळीची उन्हाळ्यात जगण्याची रीतच आहे.

म्हणजे एप्रिलमध्ये हिरवळ हवी, हा हट्ट माणसाचा आहे. त्या हट्टापायी आपण गवताला दुबळं करतो. रोज थोडं थोडं पाणी शिंपडलं की मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच राहतात, कारण खाली जायची त्यांना गरजच पडत नाही. त्यात युरिया जास्त घातला की पाला भराभर वाढतो आणि तहानही वाढते. वर गालिच्यासारखं दिसावं म्हणून अगदी खुरटं कापतात. हरळीला भरपूर ऊन लागतं, आणि आपण ती तीस मजल्यांच्या सावलीत लावतो. मग पालिकेने पाणीकपात जाहीर केली की हेच लाडावलेलं लॉन आधी जातं, आरेचा उतार मात्र तग धरतो.

मरोळसारख्या ठिकाणी या प्रश्नाला एकाच परंपरेतून उत्तर शोधायचं कारण नाही. इथे चार पावलांवर वेगळी परंपरा भेटते. १५७९ साली जेझुइटांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. १८४० च्या सुमारास त्या चर्चभोवतीचं गाव सोडून ईस्ट इंडियन भाविक मरोळला आले आणि सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचं चर्च इथे उभं राहिलं. या भाविकांच्या बायबलमध्ये येशू रानातल्या गवताचा दाखला देतो: आज आहे, उद्या भट्टीत जाईल, तरी देव त्याला सजवतो. गवताचं वाळणं तिथे गृहीत धरलेलं आहे आणि त्याने गवताची किंमत कमी होत नाही.

दाऊदी बोहरांच्या अल जामिया तुस सैफियाचं मोठं संकुलही मरोळलाच आहे. इस्लामी परंपरेत पैगंबरांचं एक वचन सांगितलं जातं, त्यात पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टी सर्वांच्या सामाईक मानल्या आहेत. पाणी आणि गवत इथे एका दमात येतात. जास्तीचं पाणी अडवून ठेवू नये, कारण त्याने दुसऱ्याचं कुरणही अडतं, अशी शिकवणही आहे. वाळवंटातल्या पशुपालकांनी अनुभवाने मिळवलेलं हे शहाणपण नळाच्या शहराला जसंच्या तसं लागू पडतं.

जैन विचार याहून कडक आहे. आचारांग सूत्रात पाणी आणि वनस्पती दोन्ही सजीव मानल्या आहेत. साधू हिरव्या गवतावर पाय ठेवत नाहीत आणि न उकळलेल्या पाण्यालाही शिवत नाहीत. या नजरेने पाहिलं तर लॉनला पाणी घालणं हे निव्वळ पुण्य उरत नाही. एका जिवासाठी दुसरे जीव खर्ची पडतात, त्याचा हिशेब द्यावा लागतो. बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचं, एक कारणही विनयपिटक या त्यांच्या नियमग्रंथात हेच दिलं आहे: पावसाळ्यात भिक्खू कोवळे कोंब तुडवत फिरतात, अशी लोकांची तक्रार होती. जैन आणि बौद्ध या श्रमण परंपरांनी गवताप्रति पहिलं कर्तव्य सांगितलं ते पाय आवरण्याचं. आजचा मैदानतज्ज्ञही तेच सांगतो. ताणाखालच्या गवतावर वर्दळ थांबवा, माती घट्ट होऊ देऊ नका, कापणी उंच ठेवा, एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग छाटू नका.

आता दुसरी बाजू. गणेशपुराणात अनलासुराची कथा आहे. त्या अग्निरूप असुराला गिळल्यावर गणेशाच्या अंगाची आग झाली आणि शेवटी ती दूर्वांनी शमली. सिमेंटने तापलेल्या उपनगरात ही कथा खरी वाटते. जिवंत, ओलं गवत पात्यांतून बाष्प सोडतं आणि भोवतालची हवा निववतं. त्याच्या जागी प्लास्टिकचं गवत अंथरलं तर भर उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. अंधेरीच्या परिसरात असे टर्फ वाढताहेत. पाणी वाचतं म्हणून ते धर्माचं काम ठरत नाही. तिथे जीवच उरत नाही आणि मुलांचे तळवे भाजतात ते वेगळंच. म्हणून ‘सगळं वाळू द्या’ हेही पुरं उत्तर नाही.

हिशेब मांडला की वाट दिसते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरच्या लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर दिलं तर पाच हजार लिटर झाले. शहरी माणसामागे दिवसाला १३५ लिटर हा मानदंड धरला तर ते सदतीस माणसांचं पाणी आहे, आणि असं लॉन शंभर दिवसांत लातूरची ती अख्खी पहिली गाडी पिऊन टाकतं. राज्याच्या जलधोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. तेव्हा तानसा-वैतरणा तलावांचं पिण्याचं पाणी हिरवळीवर पडणं हा अधर्मच आहे, ते कुणी पैसे भरून घेतलं असलं तरी. मात्र सोसायटीच्या प्रकल्पातलं शुद्ध केलेलं सांडपाणी गवताला द्यायला हरकत नाही. ते थोडं खारट असलं तरी हरळी सोसते. तेही मुलं खेळतात तेवढ्याच तुकड्याला द्यावं, पहाटे द्यावं, आणि रोज शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने खोल मुरेल असं द्यावं. शोभेचा बाकीचा पट्टा उन्हाळ्यात वाळू द्यावा.

सोसायटीची वार्षिक सभा भरेल तेव्हा हा विषय पत्रिकेवर घ्या. लॉनला कोणतं पाणी जातं, रोज किती जातं, हे सचिवांना विचारा. मे महिन्यात लॉन तपकिरी झालं म्हणून माळ्याला बोल लावू नका, आणि ते उखडून प्लास्टिक अंथरण्याचा ठराव आला तर त्याच्या विरोधात मत द्या.