शेत कोणाचे, सरवा कोणाचा?



पुनरुत्थानकाळाच्या दुसऱ्या रविवारी, 'ब' वर्षात, आपण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातून पहिले वाचन ऐकतो. यरुशलेममधील पहिले ख्रिस्ती कसे राहत होते, हे संत लूक तेथे सांगतो. आपल्याजवळ जे आहे ते आपल्या एकट्याचे आहे असे कोणी समजत नव्हते. जमीनजुमला असलेले लोक तो विकून आलेला पैसा प्रेषितांच्या स्वाधीन करीत आणि प्रेषित तो प्रत्येकाची गरज पाहून वाटत. त्यामुळे त्या समूहात उपाशी किंवा उघडा असा कोणी उरला नव्हता.

हे वाचन शिकवताना धर्मशिक्षणाच्या वर्गातली मोठी मुले कधी ना कधी विचारतातच, "मग प्रेषित कम्युनिस्ट होते का?" आपण मोठी माणसे हसतो आणि विषय बदलतो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

साम्यवाद चांगला की वाईट, असे विचारले तर आपल्या घरांतून सहसा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "देवाला न मानणारी माणसे ती, त्यांचे नाव कशाला काढता?" दुसरा म्हणतो, "गरिबांसाठी खऱ्या अर्थाने झटले ते तेच." दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. आज आपण या विषयाकडे थोडे शांतपणे पाहू या.

कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' फेब्रुवारी १८४८ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्या काळी युरोपातील गिरण्यांत आणि खाणींत लहान मुलेसुद्धा राबत होती. सर्व मुलांना मोफत शिक्षण मिळावे आणि त्यांना कारखान्यात जुंपणे बंद व्हावे, ही त्या जाहीरनाम्यातील एक मागणी होती. आज ती कोणालाही जहाल वाटणार नाही. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक, 'रेरुम नोव्हारुम', १५ मे १८९१ रोजी निघाले, म्हणजे ४३ वर्षांनंतर. पोप महोदयांनी त्यात समाजवाद्यांचा उपाय नाकारला, पण दुखणे नाकारले नाही. मूठभर श्रीमंतांनी असंख्य श्रमिकांच्या मानेवर जवळजवळ गुलामगिरीचे जोखड ठेवले आहे, हे त्यांनी मान्य केले. कामगाराला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, हेही ठामपणे सांगितले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा कारण सांगताना त्यांनी याच परिपत्रकाचा उल्लेख केला. विषय जुना झालेला नाही, तो असा.

साम्यवाद्यांची जमेची बाजू पाहायला फार दूर जायला नको. आपल्या उत्तरेला डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात १९४५ पर्यंत वारली आदिवासींची काय स्थिती होती? जमीनदार बोलावील तेव्हा त्यांना मजुरीशिवाय राबावे लागे. ती वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज काढले, तर ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही जन्मभर त्याच्या दारात राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. पुण्याच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव हे किसान सभेच्या कामासाठी त्या लोकांत जाऊन राहिले. १९४५ साली वारली उठले. वेठ करणार नाही, लग्नगड्यांना सोडा, गवतकापणीची योग्य मजुरी द्या, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. पण वेठ आणि लग्नगडी यांची पद्धत त्या लढ्याने मोडली.

हे काम करणारे साम्यवादी होते. आपल्या प्रभूने बंदिवानांच्या सुटकेची घोषणा नासरेथच्या सभास्थानात केली होती. तिच्याशी नाते सांगणारे हे काम त्याचे नाव न घेणाऱ्यांनी केले, हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटू नये. वाटलाच तर तो स्वतःविषयी वाटावा.

आता दुसरी बाजू पाहू. सोव्हिएत सत्तेने १९२९ नंतर शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गुरेढोरे एकत्र करून सामूहिक शेती सुरू केली. ज्यांनी विरोध केला, त्यांना 'कुलक' म्हणजे धनदांडगा शेतकरी ठरवून कुटुंबासह दूर हद्दपार केले. युक्रेनसारख्या सुपीक प्रदेशातून सरकारने ठरवलेला धान्याचा वाटा सक्तीने उचलला गेला. गावात दाणा उरला नाही तरी वसुली थांबली नाही आणि परदेशी निर्यातही पूर्ण थांबली नाही. जानेवारी १९३३ मध्ये भुकेल्या शेतकऱ्यांना प्रदेश सोडून जाण्याचीही बंदी झाली. १९३२-३३ च्या त्या दुष्काळात एकट्या युक्रेनमध्ये तीस लाखांहून अधिक माणसे मेली. तो दुष्काळ आभाळातून आलेला नव्हता.

त्यातील एक गोष्ट आपल्यासारख्या शेतकरी घरांतील माणसांच्या मनाला विशेष लागते. ७ ऑगस्ट १९३२ रोजी एक हुकूम निघाला. सामूहिक शेतातील धान्य ही सरकारी मालमत्ता आहे आणि ते चोरणाऱ्याला मृत्युदंड, किंवा परिस्थिती पाहून दहा वर्षांचा तुरुंगवास, असा तो हुकूम होता. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे वेचणाऱ्यांनाही त्याखाली शिक्षा झाल्या. म्हणून लोक त्याला कणसांचा कायदा म्हणू लागले.

कापणीनंतर शेतात राहिलेल्या त्या कणसांना आपल्याकडे सरवा म्हणतात. सरवा वेचायला येणाऱ्या बाईला हाकलू नये, ही आपल्या जुन्या माणसांची रीत. बायबलमध्ये तर तो नियमच आहे. लेवीय या पुस्तकात परमेश्वर इस्राएल लोकांना बजावतो की, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका आणि पडलेली कणसे वेचू नका. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. याच नियमाच्या आधारे मवाबातून आलेली विधवा रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचायला गेली आणि तिने आपल्या सासूला, नामीला, जगवले. पुढे तिच्याच वंशात दावीद राजा आणि आपला प्रभू येशू जन्मला.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. बवाजचे शेत त्याच्या एकट्याच्या मालकीचे होते, तरी तेथे परक्या विधवेला दाणे मिळाले. युक्रेनमधील शेत कागदावर सर्वांचे होते, पण ते ज्यांनी नांगरले त्यांनाच तेथील कणीस उचलता आले नाही. 'सर्वांचे' म्हटले तरी चावी कोणाच्या तरी हातात असते. मालक अनेक असतील तर एकाने हाकलल्यावर दुसऱ्याच्या दारात जाता येते. मालक एकच असेल, त्याच्याच हाती पोलीस, न्यायालय आणि वर्तमानपत्र असेल आणि त्याच्याही वर देव आहे हे सांगायला मनाई असेल, तर गरिबाने कोणाकडे दाद मागायची?

हा प्रश्न खुद्द कामगारांनी विचारला, तो पोलंडमध्ये. ऑगस्ट १९८० मध्ये ग्डान्स्क बंदरातील लेनिन यांच्या नावाच्या जहाजबांधणी कारखान्यात संप झाला. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगार स्वतःची स्वतंत्र संघटना मागत होते. त्यांनी दारावर पवित्र मरियेचे आणि पोप जॉन पॉल दुसरे यांचे चित्र लावले आणि आवारात मिस्सा साजरा केला. त्यातून 'सॉलिडॅरिटी' उभी राहिली आणि तिचे जवळजवळ एक कोटी सभासद झाले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला. कामगारांसाठी मिस्सा करणारे आणि निर्भयपणे बोलणारे तरुण धर्मगुरू फादर येर्झी पोपियेउश्को यांची ऑक्टोबर १९८४ मध्ये सरकारी गुप्त पोलिसांनी हत्या केली. ख्रिस्तसभेने २०१० साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. प्रेषित कम्युनिस्ट होते का? उत्तर पुढच्याच अध्यायात आहे. हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांनी शेत विकले, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असे भासवले. पेत्राने हनन्याला खडसावले, पण कशासाठी? शेत विकण्यापूर्वी ते तुझेच होते आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, याची पेत्र त्याला आठवण देतो. न देण्याची मोकळीक त्याला होती. अपराध खोटेपणाचा होता. यरुशलेममधील वाटप मोठे होते, कारण ते हिसकावून घेतलेले नव्हते.

येथे एक रास्त शंका निघते. सगळे खुशीवर सोडले तर गरिबाने किती वाट पाहायची? वारल्यांनी जमीनदाराचे मन द्रवण्याची आणखी किती पिढ्या वाट पाहायला हवी होती? आम्हाला वाटते, ही शंका बरोबर आहे आणि साम्यवादाचे बळही तीच आहे. पण सरव्याचा नियम नीट वाचला तर उत्तर तेथेच सापडते. तो नियम दानधर्माचा नाही. शेताचा कोपरा हा गरिबाचा हक्क आहे, तो मालकाचा मोठेपणा नव्हे. म्हणजे हक्कासाठी कायदा लागतो, संघटना लागते आणि वेळ आली तर संपही लागतो. पण त्यासाठी मालकाचे घर जाळावे लागत नाही, देवळाला कुलूप लावावे लागत नाही आणि माणसाला यंत्राचा सुटा भाग मानावे लागत नाही. पृथ्वीवरील संपत्ती देवाने सर्वांसाठी दिली आहे. खाजगी मालमत्तेचा हक्क खरा आहे, पण त्या मालमत्तेवर समाजाचे गहाण आहे, ही शिकवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुन्हा पुन्हा मांडली. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला. त्याच वर्षी १ मे रोजी काढलेल्या परिपत्रकात त्यांनी बजावले होते की, साम्यवाद हरला म्हणजे भांडवलशाही निर्दोष ठरली असे होत नाही.

आता आपल्याविषयी. आपल्यापैकी काहींच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव लागले ते १९४८ च्या कुळकायद्यामुळे. आजोबा जमीन कसत होते, मालक दुसरा होता आणि कायद्याने ती कसणाऱ्याची झाली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा त्या दिवशी आपल्या घराला गोड लागली होती. आज त्याच जमिनीला गुंठ्यावर भाव येतो. तीच घोषणा आज आपल्या वाडीत राबणाऱ्या आदिवासी बाईच्या तोंडून ऐकू आली तर आपल्याला कशी लागेल?

आम्ही कोणाला वाडी विकून पैसे वेदीपाशी आणा असे सांगत नाही. पेत्रानेही ते सांगितले नव्हते. पण शेताच्या कोपऱ्याविषयी स्वतःला विचारता येईल. भाजी खुडायला, फुले तोडायला येणाऱ्या बायांची मजुरी आपण ठरवतो, की त्यांची अडचण पाहून पाडतो? ती त्याच दिवशी देतो, की दोन खेपा घालायला लावतो? आजारपणात दिलेली उचल वसूल करताना आपण सावकार तर होत नाही ना? घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक सुट्टी आहे का? तिचा चहाचा कप आपल्या मांडणीवर असतो, की मोरीपाशी वेगळा ठेवलेला असतो? जमीन विकून मोठी रक्कम हाती आली, तेव्हा त्या जमिनीत वीस वर्षे राबलेल्या गड्याची आठवण कोणाला झाली का?

या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी मार्क्स वाचावा लागत नाही. पण आपण ती दिली नाहीत, तर कोणीतरी लाल बावटा घेऊन ती विचारायला येईल, आणि त्या वेळी तो देवाला मानत नाही म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरणार नाही.

सुगीच्या सणाला आपण भाताची लोंबी आशीर्वादासाठी वेदीपाशी आणतो. या वर्षी ती आणताना, ज्या हातांनी ती कापली त्या हातांचे काही देणे आपल्याकडे राहिले आहे का, ते घरातून निघण्यापूर्वी पाहू या. राहिले असेल तर आधी ते चुकते करू आणि मग देवळात येऊ.